तुरुंगात असलेल्याला कोर्ट फी माफ असते का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे पती शिक्षा होऊन कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात आहेत. अटकेच्या काही महिने आधी त्यांनी एका मित्राला बँकेतून १२ लाख रुपये बिनव्याजी, हातउसने दिले. मित्राने सही केलेली चिठ्ठी ताईंकडे आहे : 'मागाल तेव्हा परत देईन.' पैसे देऊन आता २ वर्षं ७ महिने झाले. मधे मित्राने एकदा ४० हजार ऑनलाइन पाठवले आणि गेल्या दिवाळीत हात वर केले. दावा लावायचा आहे, पण वकिलांनी सांगितलेली कोर्ट फी ताईंच्या शिवणकामातून भरणं शक्य नाही. पतीच्या नावावर दीर व सासूबाईंबरोबर सामाईक सव्वा एकर जिरायत जमीन आणि राहतं घर आहे. सल्ले चार मिळालेत. शेजारी म्हणतात, कैद्याला फी माफच असते. पतीचे एक स्नेही म्हणतात, जमीन ताईंच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाका, म्हणजे पती कंगाल ठरतील. एक चुलतदीर सगळा खर्च करायला तयार आहेत, पण वसुलीतला तिसरा हिस्सा लिहून मागतात. आणि परदेशातल्या भाच्याने कळवलंय की कैद्याच्या तुरुंगातल्या खात्यातून फी दरमहा कापून घेतात. ताई विचारतात, यातलं खरं काय? बायकांना फी माफ असते, तर मीच माझ्या नावाने दावा लावू का?

ताई, तुमचं सगळं पत्र फीबद्दल आहे, पण मला त्यात जास्त घोर लागला तो तारखेचा. तुम्ही लिहिता की नकार दिवाळीत मिळाला, म्हणजे तिथून तीन वर्षं आहेत. तसं नाही. १९६३ च्या मुदत कायद्यात 'मागाल तेव्हा परत' या बोलीवर दिलेल्या उसन्या पैशांची तीन वर्षं पैसे दिले त्या दिवसापासून मोजतात, नकाराच्या दिवसापासून नाही. चिठ्ठीत परतफेडीची ठरावीक तारीख असती तर हिशेब वेगळा झाला असता. तुमच्या चिठ्ठीत ती नाही. म्हणजे तुमच्या हातात पाचच महिने उरलेत. पती तुरुंगात आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही. अज्ञान मूल किंवा वेडसर व्यक्ती यांना कायदा सवलत देतो, कैद्याला नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलात चालतो, दाव्यात चालत नाही.

ते ४० हजार तुमच्या उपयोगी पडू शकतात. मुदतीच्या आत कर्जापोटी काही रक्कम दिली आणि तसं देणेकऱ्याच्या अक्षरात किंवा सहीनिशी लिहिलेलं असेल, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. पण नुसत्या बँक नोंदीवर समोरचा वकील म्हणेल, 'ते भलत्याच व्यवहाराचे होते.' त्या वेळचे मेसेज जपून ठेवा, मात्र त्यांच्या भरवशावर बसू नका. पाच महिनेच आहेत असं धरून चला.

आता फीकडे. शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. १८७० च्या कोर्ट फी कायद्याच्या कलम १९ मध्ये कैद्याच्या अर्जाला फी लागत नाही असं आहे, आणि तुरुंगातून अधीक्षकांमार्फत पाठवलेल्या फौजदारी अपिलालाही फी लागत नाही. बहुतेकांनी आपल्या माणसाचं तसं अपील गेलेलं पाहिलेलं असतं. पण पैशाच्या वसुलीचा दावा म्हणजे अर्ज नव्हे, ते वादपत्र. त्यावर महाराष्ट्र कोर्ट फी कायदा, १९५९ प्रमाणे दाव्याच्या रकमेबरोबर वाढत जाणारी फी लागते, वादी येरवड्यात असो की घरी.

तुरुंगात असणं आणि नादार (म्हणजे फी भरण्याची ऐपत नसलेला) असणं या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे दरवाजेही वेगळे आहेत. तुमच्या चारही सल्लागारांची गल्लत इथेच होते.

पहिला दरवाजा विधी सेवेचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ सांगतं की कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे. कच्चा कैदी असो की शिक्षा झालेला, दोघांनाही. इथे उत्पन्नाची अट नाही, जमीन किती हे कुणी विचारत नाही. अट एकच : दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य हवं. तुमच्याकडे बँकेची नोंद आणि सहीची चिठ्ठी आहे, त्यामुळे ती अडचण येऊ नये. विधी सेवेत वकील तर आलाच, पण नियमांप्रमाणे कोर्ट फी, प्रोसेस फी (समन्स-नोटिसा बजावण्याची फी), साक्षीदारांचा खर्च, नकला आणि टायपिंग हेही त्यात बसतं. अर्जात नुसतं 'वकील मिळावा' असं लिहिलं तर नुसता वकील मिळतो. 'वकील, कोर्ट फी व प्रोसेस फीसह' असं स्पष्ट लिहा. रक्कम मोठी असली तर प्राधिकरण स्वतः फी भरण्याऐवजी पॅनेलवरच्या वकिलांना दुसऱ्या दरवाजाने जायला सांगू शकतं. तसं झालं तरी वकील मोफतच राहतो.

दुसरा दरवाजा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ चा, म्हणजे नादार म्हणून दावा लावण्याच्या परवानगीचा. इथे मात्र ऐपत पाहतात. प्रश्न 'हा माणूस गरीब आहे का' असा नसतो. 'या दाव्याची फी भरण्याइतकं साधन त्याच्याकडे आहे का' असा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंय की पुरेसं साधन म्हणजे हातातली रोकडच नव्हे, तर कायदेशीर मार्गाने पैसे उभे करण्याची नेहमीची कुवतही. जप्तीतून वगळलेल्या वस्तू (कपडे, भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकरी राहतो ते घर) आणि ज्या मालमत्तेबद्दल दावा आहे ती, एवढं सोडून बाकी सगळं मोजलं जातं. म्हणजे घर बाजूला राहील असा युक्तिवाद करता येईल, पण शेतातला पतीचा हिस्सा मोजला जाईल.

तो मोजला गेला म्हणजे संपलं असंही समजू नका. सव्वा एकरात तिघांची नावं, म्हणजे पतीच्या वाट्याला सोळा-सतरा गुंठे. जमीन जिरायत, वाटप न झालेली, तुकडेबंदीमुळे सुटी विकायला अवघड, आणि मालक गजाआड. तिच्यावर पाच महिन्यांत फीएवढे पैसे उभे राहतील का, हा वादाचा मुद्दा आहे आणि तो तुमच्या बाजूने प्रामाणिकपणे मांडता येतो. मांडायचा कसा, तर लपवून नाही.

म्हणूनच बक्षीसपत्राचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांत लबाडीने किंवा नादार ठरण्यासाठी मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली, तर त्याच कारणावरून अर्ज फेटाळता येतो. ती मालमत्ता धरूनही माणूस नादारच ठरत असेल तर गोष्ट वेगळी. मग कुणी सुचवेल, दोन महिने थांबून अर्ज करा. फेरफार तलाठ्याच्या दप्तरात तारखेसकट राहतो, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न त्याचाच येतो. शिवाय जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर बाकी हिस्सेदारांच्या संमतीशिवाय अविभक्त हिश्श्याचं बक्षीस टिकतच नाही. मुद्रांकाचा खर्च करून हातात काही येणार नाही, वर दीर दुखावतील ते वेगळंच.

चुलतदिरांचा प्रस्तावही तसाच. दाव्याच्या विषयात दुसऱ्याचा हिस्सा निर्माण करणारा करार, किंवा दाव्याचा खर्च दुसऱ्याने करण्याचा करार, ही दोन्ही आदेश ३३ मध्ये अर्ज नामंजूर होण्याची कारणं म्हणून स्वतंत्रपणे लिहिलेली आहेत. परवानगी मिळाल्यावर असा हिस्सा लिहून दिला तरी ती काढून घेतली जाऊ शकते. त्यांना खरोखर मदत करायची असेल तर फीपुरते पैसे साधं उसनं म्हणून द्यावेत, वसुलीशी न जोडता. असं उसनं मिळत असेल तर नादारीचा अर्जच नको, सरळ फी भरून दावा लावा. हा मार्ग कमीपणाचा नाही. पुढे लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

भाच्याने पाठवलंय ते अमेरिकेचं. तिथे १९९६ च्या एका कायद्यापासून फेडरल कोर्टात कैद्याचा फीमाफीचा अर्ज मंजूर झाला तरी ३५० डॉलरची पूर्ण फी चुकत नाही. तुरुंगातल्या खात्यात १० डॉलरपेक्षा जास्त असतील तेव्हा आधीच्या महिन्याच्या जमेच्या २० टक्के असे हप्ते कापले जातात. आपल्या संहितेत असे हप्ते नाहीत. (माफी म्हणायची आणि वसूल करायची, ही तऱ्हा मात्र आपल्याकडेही आहे. ते पुढे सांगतो.)

'मीच दावा लावू का' याचं उत्तर, इथे नाही. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने स्त्रियांना पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. पतीने मित्राला दिलेल्या उसन्या पैशांची वसुली यात बसवणं कठीण, आणि मुळात धनको तुम्ही नाही, ते आहेत. पण जमिनीच्या वाटपाचा वाद असलेल्या वाचकांनी ही अधिसूचना लक्षात ठेवावी. कैद्याची बहीण किंवा आई स्वतःच्या हिश्श्यासाठी वाटपाचा दावा लावत असेल, तर तिला या माफीचा आधार घेता येतो. 'मालमत्तेचे वाद' म्हणजे नेमके कोणते यावर विरुद्ध बाजू हरकत घेते, म्हणून अधिसूचनेची प्रत वादपत्रालाच जोडायची. आणखी एक : शेतजमिनीचं मूल्यांकन बाजारभावाने न होता आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पटीत होतं. नुसत्या शेतजमिनीच्या वाटपाची फी बऱ्याचदा लोक घाबरतात त्याच्या पासंगालाही पुरत नाही. माफीच्या मागे धावण्याआधी वकिलांकडून फीचा हिशेब कागदावर मागून घ्यावा, तो यासाठी.

आता प्रत्यक्ष काय करायचं. विधी सेवेचा अर्ज पतींनी तुरुंगातून केला तर तो कोल्हापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाईल. दावा मात्र मित्र राहतो किंवा व्यवहार झाला तिथे, म्हणजे तुमच्या जिल्ह्यात लागणार. कागद एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत महिना सहज जातो, आणि तुमच्याकडे महिने मोजके आहेत. म्हणून अर्जावर पतीची सही मुलाखतीच्या वेळी किंवा कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रामार्फत घ्या, अधीक्षकांकडून ते कैदेत असल्याचा (बंदी असल्याचा) दाखला घ्या, आणि दोन्ही तुम्ही स्वतः साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात द्या. पोच घ्या. मुदत कोणत्या तारखेला संपते ते अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा. नकार आला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. पतीची फौजदारी बाजू लोक अभिरक्षक (विधी सेवेने नेमलेले मोफत बचाव वकील) पाहत असतील, तर 'आपला सरकारी वकील आहेच' असं समजून थांबू नका. ते कार्यालय फौजदारी प्रकरणंच चालवतं. दिवाणी दाव्यासाठी पॅनेलवरचा वेगळा वकील नेमून घ्यावा लागतो.

वकीलपत्रावर पतीची सही तुरुंगाधिकाऱ्यासमोर, त्यांच्या शिक्क्यासह हवी. बिनशिक्क्याचं वकीलपत्र परत आलं की पुन्हा एक मुलाखत खर्ची पडते. त्याच फेरीत तुमच्या नावाच्या मुखत्यारपत्राचंही पाहा. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे तुरुंगातल्या माणसाला मुखत्यारपत्रासाठी निबंधक कार्यालयात यावं लागत नाही. अधिकारी तुरुंगात जाऊन किंवा कमिशन नेमून ते प्रमाणित करू शकतात.

नादारीच्या अर्जात वादपत्राचा सगळा मजकूर असतो, आणि सोबत अर्जदाराच्या स्थावर-जंगम मालमत्तेची अंदाजे किमतींसह यादी. ही यादी मी सांगतो तशी करा : सातबाऱ्यावरचा हिस्सा, घर, बँकेची खाती, विमा पॉलिसी, भविष्य निर्वाह निधी असेल तर तो, अंगणात गंजत पडलेली मोटरसायकल, तुरुंगात त्यांच्या नावावर जमा असलेली खाजगी रोख. तुमचं स्त्रीधन यात येत नाही, ते तुमचं. एखादी क्षुल्लक गोष्ट राहून गेली की पैशांपेक्षा खोटेपणाचा शिक्का महाग पडतो. जमिनीमुळे अर्ज नामंजूर होण्याची जी भीती तुम्हाला वाटते, त्यापेक्षा जमीन लपवल्यामुळे नामंजूर होण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

हा अर्ज अर्जदाराने स्वतः कोर्टात हजर राहून द्यायचा असतो, वकिलाने टेबलावर ठेवून चालत नाही. कैद्यांचे अर्ज इथेच अडतात. सूट मिळालेल्या माणसाच्या वतीने अधिकृत प्रतिनिधी तो देऊ शकतो, पण त्या प्रतिनिधीला सगळ्या महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरं देता आली पाहिजेत. म्हणून प्रत्यक्ष हजेरीतून सूट मिळण्याचा वेगळा अर्ज, बंदी असल्याचा दाखला आणि तुमचं मुखत्यारपत्र हे तिन्ही एकत्र द्या. तुमची तपासणी होईल : पैसे कधी दिले, कशातून दिले, जमिनीत काय पिकतं, आतापर्यंतच्या वकिलांना पैसे कुणी दिले. शेवटच्या प्रश्नाला लोक गडबडतात. खरं असेल ते सांगा. न्यायालयाला पतीचीच तपासणी हवी असेल तर ती कमिशनवर होऊ शकते, किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची विनंती करता येते. संचित रजा (फर्लो) किंवा अभिवचन रजा (पॅरोल) जवळ आली असेल तर पती स्वतःच अर्ज देऊ शकतात, पण रजेची वाट पाहत मुदत घालवू नका. पुढे दाव्यात साक्षही त्यांचीच लागेल. ज्या गोष्टी फक्त त्यांना माहीत आहेत, त्यांची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही.

त्यानंतर कोर्टाचे शिरस्तेदार ऐपतीची चौकशी करतात, सरकारी वकील आणि मित्र यांना किमान दहा दिवसांची नोटीस निघते, सुनावणी होते. वेळ लागतो. दिलासा एवढाच की मुदतीच्या हिशेबाला अर्ज दाखल केल्याची तारीख धरतात, मंजुरीची नाही. नामंजूर झाला तरी न्यायालय फी भरायला वेळ देऊ शकतं, आणि त्या वेळेत फी भरली तर दावा अर्जाच्या तारखेलाच लागला असं मानतात. ती वेळ हुकली तर मात्र मुदत गेलेली असेल. तेव्हा अर्ज चालू असतानाच फीची पर्यायी सोय कुठून होईल ते ठरवून ठेवा. थोडेफार पैसे आत्ताच जमत असतील, तर तेवढी फी भरून उरलेल्या फीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली वेळ मागता येतो, पण तो देणं न देणं न्यायालयाच्या मर्जीवर आहे.

आणि मघाशी म्हटलेली तऱ्हा : नादारीची परवानगी म्हणजे माफी नव्हे, उधारी. दावा जिंकलात तर सरकार हुकूमनाम्याप्रमाणे (म्हणजे दाव्याच्या निकालाच्या आदेशाप्रमाणे) फी वसूल करतं आणि मिळणाऱ्या रकमेवर तिचा पहिला बोजा असतो. हरलात तर फी पतीने भरायची. हुकूमनाम्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. सोप्या भाषेत, त्याच सोळा-सतरा गुंठ्यांवर. चिठ्ठी आणि बँक नोंद असताना हरण्याची शक्यता मला कमी वाटते, पण सासूबाई आणि दिरांना हे आधी सांगा, नंतर तलाठ्याकडून कळायला नको.

एक आडवाटही आहे. दाव्यापूर्वी लोकअदालतीत मित्राला बोलावण्यासाठी प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्याला कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. पण तेवढ्याने मुदत थांबत नाही. मित्र तिथे 'सहा महिन्यांत देतो' म्हणाला तर निवाड्यावर सही घ्या, नाहीतर निदान रक्कम कबूल असल्याचा कागद सही आणि तारखेसह घ्या. मुदतीच्या आत दिलेल्या अशा लेखी कबुलीने नवी तीन वर्षं मिळतात. तोंडी वायद्यावर उठून येऊ नका.

तुरुंगातल्या मारहाणीबद्दल किंवा उपचारांतल्या हयगयीबद्दल सरकारविरुद्ध दावा लावू पाहणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. तिथे आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. बेकायदा कोठडीच्या भरपाईच्या दाव्याला मुदत एकच वर्ष आहे. अशा प्रकरणांत उच्च न्यायालयात रिट करणं बऱ्याचदा सोयीचं पडतं आणि त्यासाठी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो.

ताई, तुम्ही स्वतःही स्त्री म्हणून कलम १२ खाली मोफत सल्ल्याच्या हक्कदार आहात, पतीच्या सहीची वाट न पाहता. तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती या आठवड्यातच गाठा, नाहीतर १५१०० वर फोन करा. जाताना चिठ्ठीची झेरॉक्स (मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका), पैसे गेले त्या महिन्याचा आणि ४० हजार आले त्या महिन्याचा बँक उतारा, सातबारा, आणि मित्राचा आजचा पत्ता एवढं बरोबर न्या. बँक उताऱ्यावरच्या पहिल्या तारखेखाली पेनाने रेघ मारा आणि कागद पुढे करताना तीच आधी दाखवा.